चूल तिच्या हाती

वाचन : रूथ २:१-१६, लेवीय १९:९-१०, ३३-३४



गेल्या नाताळात आपण वीटभट्टीवरच्या भगिनींना कपडे आणि शिधा वाटला. शेवटी मी सर्वांना फोटोसाठी उभे केले. एका बाईने पदर तोंडावर ओढून घेतला. माझे चुकले, हे मला त्या पदराने सांगितले. आपण शिधा दिला, मान दिला नाही.

कायद्याने त्या निर्वासित नाहीत. छळाच्या भीतीने देश सोडावा लागतो, त्यांना तो शब्द लागू होतो. पण घर सुटलेल्या बाईचे दुःख दोन्हीकडे सारखेच असते. खऱ्या निर्वासित स्त्रियाही महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले. त्यांतील सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले, धर्माने कॅथॉलिक. तेथे त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, इस्पितळ होते. प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि स्वतःचे स्वयंपाकघर होते. ताट घेऊन रांगेत उभे राहण्यापेक्षा आपल्या चुलीवर आपल्या मुलांसाठी रांधणे, यात त्या आईचे आईपण टिकते.

पवित्र शास्त्र हेच शिकवते. रूथ मवाबी, विधवा आणि परकी. बेथलेहेमात ती सरवा वेचायला जाते. आपल्या भागात कापूस-तूर निघाल्यावर सरवा वेचणाऱ्या बाया आपण पाहतोच. देवाचे नियमशास्त्र शेतमालकाला सांगते की, शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि पडलेले उचलू नये. ते गरिबाचे आणि परक्याचे आहे. म्हणजे सरवा ही भीक नव्हे, तो हक्क आहे. बवाज आणखी दोन गोष्टी करतो. तिला कोणी त्रास देऊ नये, अशी गड्यांना ताकीद देतो आणि पाण्याच्या घागरी तिला मोकळ्या करतो. याच रूथचे नाव संत मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत घातले. पुढे बाळ येशूला घेऊन पवित्र मरियाही मिसर देशात निर्वासित झाली.

म्हणून या वर्षी आपण असे करू या :

१. वाटपापूर्वी महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी भट्टीवर जावे, नाव विचारावे, गरज विचारावी.

२. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत अन्नसुरक्षेचे कार्ड देशात कुठेही चालते. अशा भगिनीसोबत आपल्यापैकी कोणीतरी रेशन दुकानात जावे. लहान मुलांसाठी अंगणवाडी सेविकेशी बोलावे.

३. कोणी छळत असेल तर महिला हेल्पलाईनचा १८१ हा क्रमांक तिला पाठ करून द्यावा आणि तिच्या पाठीशी उभे राहावे.

४. फोटो नको. ‘चर्चला या’ अशी अटही नको. बवाजाने रूथला अट घातली नव्हती.

“फादर, ती आपली माणसे नव्हेत, मग खर्च कशाला?” असे मला मिस्सानंतर विचारले गेले. बेथलेहेमातल्या लोकांनाही रूथ आपली वाटली नसेल.

चिंतनासाठी : माझ्या शेतात, घरात, दुकानात राबणाऱ्या परगावच्या बाईचे नाव मला माहीत आहे का? तिची मजुरी वेळेवर जाते का?

आपला,
धर्मगुरू