गळक्या छपराची दुरुस्ती

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून अधिक उंचीवर वसलेले आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे 970 मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या मानाने हे प्रमाण थोडे असले, तरी तो पुष्कळ महिन्यांत विभागलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात, जूनपासून मोसमी पाऊस सुरू होतो आणि त्याचा जोर बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात वाढतो. महाराष्ट्रात मृग नक्षत्रापूर्वी घर शाकारण्याची रीत आहे. बंगळूरात तोवर थांबल्यास उशीर होतो. छपराची तपासणी तेथे फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकलेली बरी.

1898 च्या प्लेगनंतर विस्तारलेल्या बसवनगुडी, मल्लेश्वरम् यांसारख्या वस्त्यांतील जुन्या घरांवर मुख्यतः दोन प्रकारची छपरे आढळतात : उतरते कौलारू छप्पर आणि लाकडी तुळयांवरील सपाट गच्ची. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. तेव्हापासून मंगळुरी कौले दूरवर पोचली. या कौलाच्या पाठीवरील खुंट्या रिपेला अडकतात आणि कडेच्या खाचा शेजारच्या कौलात बसतात. एका चौरस मीटरला अशी साधारणपणे पंधरा कौले लागतात.

दुरुस्तीचा पहिला धडा असा की, जेथे थेंब पडतो तेथेच छिद्र असते असे नाही. आत शिरलेले पाणी वाशाच्या खालच्या अंगाने उताराकडे वाहत जाते आणि एखाद्या गाठीपाशी किंवा खिळ्यापाशी ठिबकते. म्हणून डागापासून वाशाच्या कडेकडेने आढ्याच्या दिशेने शोध घ्यावा. दिवसा माळ्यावर अंधार करून वर पाहिल्यास फुटलेल्या वा सरकलेल्या कौलांतून उजेड दिसतो. कोठे फट न दिसता गळती होत असेल, तर खाचांत पालापाचोळा व शेवाळ साचले आहे का, आढ्यावरील चुना तडकला आहे का आणि छप्पर भिंतीला मिळते तो सांधा सुटला आहे का, हे पाहावे. गळती दुर्मिळपणे पाख्याच्या मध्यभागी होते. ती बहुतेक सांध्यांतच असते.

कौल बदलताना छपरावर थेट पाय देऊ नये. वाशांवर भार येईल अशा रीतीने शिडी आडवी टाकून तिच्यावरून काम करावे. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांची मापे थोडी वेगळी असतात आणि नवे कौल जुन्याच्या खाचेत नीट बसत नाही. यासाठी उतरवलेली चांगली कौले जपून ठेवावीत.

सपाट गच्चीची रचना वेगळी. सागवानी तुळयांवर पातळ विटा चुन्यात कडेवर तिरप्या रचतात, त्यांवर विटांचे तुकडे व चुना यांचा कोबा ठोकून बसवतात आणि वर चपट्या फरशा लावतात. अशा गच्चीला पाणी अडवून तपासण्याचा मोह टाळावा. अडीच सेंटिमीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला 25 किलोग्रॅम होतो आणि जुन्या तुळयांना तो पेलेलच असे नाही. त्याऐवजी उताराच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून एकेका भागावर थोडेथोडे पाणी ओतावे. आत ओल उमटताच दोषस्थान सापडते.

येथे सर्वांत मोठी चूक घडते ती सिमेंटचा जाड थर चढवण्याने. थेंब थांबतो, पण घरमालकाचे समाधान फार काळ टिकत नाही. ताठ सिमेंट खालच्या चुन्याबरोबर हलत नाही, ते तडकते, भार वाढवते आणि आत अडकलेली ओल बाहेर पडू देत नाही. भिंतीत रुतलेली तुळईची टोके ओलीने प्रथम कुजतात आणि ती नजरेस पडत नाहीत. म्हणून वरचे काम काढण्यापूर्वी ती टोचणीने टोचून पाहावीत. टोचणी सहज आत गेली, तर आधी तुळईला टेका द्यावा. त्यानंतर भेगा खरवडून चुना व सुरखीने भराव्यात. हा चुना काही दिवस ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवावा लागतो. कडक उन्हात लवकर वाळला, तर तो पुन्हा फुटतो.

चाकांवरच्या फिरत्या घराचे पत्र्याचे छपरही जोडांतूनच गळते आणि त्याच्या आतली लाकडी चौकट अशीच नकळत कुजते. साहित्य बदलले तरी क्रम बदलत नाही : पाण्याची वाट शोधावी, भार पेलणारे लाकूड तपासावे आणि शेवटी छिद्र बुजवावे. हा क्रम उलटला, की कोरडे दिसणारे छप्पर एखाद्या पावसात खाली येण्याचा धोका उरतो.