शाळेचा लॅपटॉप का तापतो?

मुलांनो, मागल्या महिन्यात आपला जुना लॅपटॉप धडा चालू असतानाच बंद पडला. "गुरुजी, मेला तो!" असे कोणीतरी ओरडले. मेला नव्हता, त्याने स्वतःला वाचवले होते. आतल्या प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की तो आधी काम मंद करतो. तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते.

ही उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांपर्यंत येते आणि पंखा ती बाहेर फेकतो. पण पंखा हवा थंड करीत नाही, खोलीतलीच ओढतो. बल्लारपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नकोच. पारा ४५ च्या वर गेल्यावर तो बिचारा काय करणार!

त्यात मी लॅपटॉप सतरंजीवर ठेवला होता. चूक माझीच, खालची जाळी झाकली गेली. दुरुस्तीवाल्याने खोलला तर पत्र्यांवर धुळीचा जाड थर! त्याने तो ब्रशने काढला, प्रोसेसरवरचा सुकलेला लेपही बदलला.

आता टेबलावर ठेवतो, मागची कड दोन पट्ट्यांवर उचलून. धडाही सकाळीच दाखवतो. कूलरच्या अगदी तोंडाशी मात्र ठेवायचा नाही, त्याच्या हवेसोबत पाण्याचे तुषार येतात. तापलाच तर बंद करून थांबायचे. ओले फडके कोणी लावू नका रे!