तीन विहिरींचा धडा

शास्त्रपाठ : उत्पत्ति २६ : १२–३३

दुसऱ्याच्या वागण्याने चीड येणे हे मनुष्यस्वभावास धरून आहे. परंतु त्या चिडीच्या हाती आपली जीभ देणे हा आपलाच दोष होय. तो कसा टाळावा हे इसहाकाच्या चरित्रावरून पाहू.

इसहाकाचे पीक व कळप वाढले, तेव्हा पलिष्ट्यांस हेवा वाटला. त्याच्या बापाच्या विहिरी त्यांनी मातीने बुजविल्या, आणि त्यांचा राजा अबीमलेख ह्याने, तू आम्हांहून प्रबळ झालास असे म्हणून त्याला निघून जाण्यास सांगितले. पुढे गराराच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांस जिवंत झऱ्याची विहीर लागली, तो तेथले गुराखी पाण्यावर हक्क सांगून भांडू लागले. अशा मुलखात पाणी म्हणजे कळपाचा जीव. तरी प्रबळ असूनही इसहाकाने काठी उचलली नाही. दुसरी विहीर खणविली. तिच्यावरूनही तंटा झाला. मग पुढे जाऊन त्याने तिसरी खणविली. तिच्याविषयी कोणी भांडले नाही.

विहिरींची नावे ध्यानात घ्यावी. पहिली एसेक, म्हणजे कलह. दुसरी सितना, म्हणजे वैर. तिसरी रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. झालेल्या अन्यायास इसहाकाने खरे नाव दिले, पण त्या नावापाशी तो बसून राहिला नाही. पुढे अबीमलेख सलोख्यासाठी आला, तेव्हा, द्वेष करणारे आता कशास आले, असे त्याने स्पष्ट विचारले; आणि मग त्यांस मेजवानी दिली.

आमच्याकडून असे घडले नाही, हे कबूल केले पाहिजे. एका खेड्यात असता मंडळीतील एक गृहस्थ विहिरीवर नेहमी आमच्या पाळीत आपली घागर पुढे करी. एके सकाळी आम्ही ती रागाने बाजूस सारली. मातीची घागर ती, फुटली. किंमत आम्ही त्याच दिवशी दिली. पण ते गृहस्थ सहा महिने उपासनेस आले नाहीत. आपली पाळी अर्धी घटका मागे गेली असती तर काय बिघडले असते?

मात्र ज्यास दुसरी विहीर खणण्यास जागाच नाही, त्याने काय करावे? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो दलित बांधवांसह महाड येथील चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा त्यांनी त्यांस उलट हात उगारू दिला नाही. पण पाण्यावरील हक्कही सोडला नाही. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणजे शांत राहणे व हक्क सोडणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पाळी सोडता येते. तहान सोडता येत नाही.

घरी विचार करण्यासाठी :
१. सध्या आपण कोणत्या एसेकापाशी बसून आहो?
२. तेथे आपली केवळ पाळी जात आहे, की कोणाचे पाणी तुटत आहे?
३. आपण कोणाची घागर फोडली आहे काय? असल्यास किंमत देऊन थांबू नये. त्याच्या दारी जावे.