गिंडीत माईक हाती घेण्याआधी

अगं पोरी, गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आलीस, म्हणजे आज ना उद्या विभागाच्या सेमिनारमध्ये, नाहीतर भरलेल्या विवेकानंद ऑडिटोरियममध्ये उभं राहावं लागणारच. धीटपणा जन्मतःच असावा लागतो, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. मी ऐकलेले चांगले बोलणारे बारीकसारीक गोष्टींची तयारी करणारेच निघाले. तू मुळात हुशार आहेस, फक्त घाई फार करतेस. म्हणून हे आत्याचे चार शब्द, जरा जास्त झाले तर चालवून घे.

१. भाषण आधी लिही आणि खोलीत मोठ्यानं वाच — डोळ्यांना सोपं वाटलेलं वाक्य जिभेवर अडखळतं, ते घरातच कळलेलं बरं. जिभेला आधी घरचं अंगण, मग गावचं मैदान.

२. पाठ करायचीच तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक — छातीची धडधड असते ती पहिल्या मिनिटापुरती. मधलं सगळं मुद्द्यांच्या चिठ्ठीवर निभतं.

३. कागद जवळ ठेवायला लाजू नकोस — तुमच्या कॉलेजच्याच सरदार पटेल रोडवर ज्यांचं मंडपम आहे, त्या गांधीजींनाही कागदानंच तारलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची हकीकत सांगायला ते उभे राहिले, तर अंग थरथरायला लागलं, आवाज मागे पोचेना. शेवटी केशवराव देशपांडे आणि मग दिनशा वाच्छा यांनी ते भाषण वाचून दाखवलं. फिरोजशहा मेहतांनी ते आधीच लिहून, छापून घ्यायला लावलं होतं म्हणून सभा निभावली. आणि महिन्याभरानं ते इथे मद्रासला आले, तेव्हा पच्चैयप्पा हॉलमधलं त्यांचं छापील भाषण, चांगलं लांबलचक असूनही, लोकांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं. आत्मकथेत त्यांनीच लिहिलंय ते, एकदा वाच.

४. शेवटच्या रांगेत एक मैत्रीण बसव आणि खूण ठरव — आवाज पोचत नाही हे बोलणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं.

५. अध्यक्षांचं, पाहुण्यांचं नाव आधी त्यांनाच विचारून घे आणि देवनागरीत लिहून ठेव — आपल्याला आडनावानं बोलावायची सवय, आणि इथे बहुतेकांना आडनावच नसतं. पुढे असतं ते वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, आणि मागचं नाव त्या माणसाचं स्वतःचं. ‘आर. कार्तिक’ मधल्या कार्तिकला आडनाव समजलीस तर पंचाईत. तमिळमधला तो खास ळ मात्र इथल्याच कुणाकडून दोनदा म्हणवून घे, आपला ळ त्याच्या जवळचा असला तरी तोच नव्हे. नाव चुकलं की गाव चुकलं.

६. सुरुवातीला ‘वणक्कम’ म्हण, पण मनापासून — तेवढ्यानं परकेपणा निम्मा उतरतो. पुढचं इंग्रजी सावकाश बोल, आपली मराठी घाई त्यातही शिरते.

७. अर्धा तास आधी जाऊन रिकाम्या मंचावर उभी राहा, एक वाक्य बोलून बघ — जागा ओळखीची झाली की पायही स्थिर राहतात.

८. माईक तोंडापासून चार बोटं लांब धर, त्यावर टिचक्या मारू नकोस — कर्णा किंचाळला की लोकांचं लक्ष विस्कटतं, आणि ते परत गोळा करायला तुझीच मिनिटं जातात.

९. साधं पाणी जवळ ठेव, कॉफी भाषणानंतर — दुधानं घसा चिकटल्यासारखा होतो, आणि एसी हॉलमध्ये तो कोरडाही पडतो.

१०. दहा मिनिटं मिळाली तर आठांचीच तयारी कर — हॉलमध्ये बोलणं नेहमी लांबतं. घड्याळ ज्यानं पाळलं, त्याला सभेनं सांभाळलं.

११. पडद्याकडे वळून स्लाइड वाचू नकोस — लोकांना वाचता येतं, ते तुला ऐकायला आलेत.

१२. बोलायच्या आधी श्वास हळूहळू पूर्ण सोड, मग सुरू कर — घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो आणि वाक्याच्या मध्येच दमतो.

१३. प्रश्न पूर्ण ऐकून घे, आपल्या शब्दांत परत म्हण, मग उत्तर दे — मागच्यांना प्रश्न कळतो आणि तुला विचाराला सवड मिळते. उत्तर येत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हण, आणि खरंच सांग. हे दुसरं बहुतेक जण विसरतात.

१४. चांगलं ऐकत जा — पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेनं वक्त्यांइतकेच श्रोतेही घडवले. इथे डिसेंबरात म्युझिक अकादमीत सकाळची सप्रयोग व्याख्यानं असतात. गाण्यातलं कळलं नाही तरी अवघड विषय कसा उलगडतात ते बघ.

१५. एकदा बोललीस की पुढची संधी महिन्याच्या आत शोध — अंतर पडलं की भीती परत मुक्कामाला येते. मोठं भाषण मिळायची वाट बघत बसू नकोस. कॉलेजातल्या पुढच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शनाला कुणी पुढे येत नसेल, आणि येतच नाही कुणी, तेव्हा हात तू वर कर.