सुटलेली एक तार

अलिबागच्या घरी नवे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर घेतले, तेव्हा दुकानाचा माणूस येऊन सगळं जोडून देऊन गेला. ब्लेडने वायर सोलली, तारांना पीळ दिला, सोनेरी बनाना प्लगमध्ये घालून स्क्रू आवळले आणि गाणं सुरू केलं. वरून पाहता काम नेटकं होतं. पावसाळा सरता सरता उजवा स्पीकर खरखरू लागला. आवाज वाढवला की ॲम्प्लिफायर खट्कन बंद पडायचा, थोड्या वेळाने पुन्हा चालायचा. एका संध्याकाळी मात्र तो चालू झालाच नाही. आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळाले होते. दुरुस्ती करणाऱ्याने विचारलं, "स्पीकरच्या वायरी पाहिल्यात का?"

पाहिल्यावर उलगडा झाला. लाल प्लगच्या मागून केसाएवढी बारीक एक तार सुटून शेजारच्या काळ्या टर्मिनलला टेकत होती. दुसऱ्या प्लगचा स्क्रू बोटानेही फिरत होता आणि आतलं तांबं हिरवट-काळं पडलं होतं. ॲम्प्लिफायर चांगला, स्पीकरही चांगले. घात झाला तो जोडात. तेव्हापासून कुणी नवी सिस्टिम घेतली की मी आधी तिच्या वायरींची टोकं बघतो.

प्लग लावायलाच हवेत का, हा पहिला प्रश्न. तसं काही नाही. चांगली सोललेली, घट्ट आवळलेली उघडी वायर विजेच्या दृष्टीने प्लगइतकीच चांगली. प्लगमुळे आवाज सुधारतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग एवढाच, की तो गंजत नाही. प्लगचा खरा फायदा वेगळा आहे: सुट्या तारा एका जागी बंद राहतात आणि झाडलोट करताना, सामान हलवताना वायर ओढून काढता येते, परत लावता येते. लाल-काळी टर्मिनलं एकमेकांना अगदी चिकटून असतील, तर मात्र प्लग जरूर लावावेत.

वायर घेताना नुसती जाडी बघू नका. तांब्याचा पातळ थर चढवलेली ॲल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास मिळते. तिच्या एका तारेवर ब्लेड घासा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याची नव्हे. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं, जोड सैल होतो आणि खाऱ्या हवेत लवकर खराब होतो. अस्सल तांब्याची दीड चौरस मिलिमीटर वायर बहुतेक घरांना पुरते. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर दहा मीटरवर असला, तर जाऊन-येऊन वीस मीटरचा रोध सुमारे ०.२३ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ०.४ ओहमपर्यंत चालतं. अंतर याहून फार असेल किंवा स्पीकर ४ ओहमचा असेल, तर अडीच चौरस मिलिमीटर घ्यावी.

आता मुख्य काम, ते म्हणजे सोलणं. ब्लेडने किंवा दातांनी सोलू नये. ब्लेड आवरणाबरोबर बाहेरच्या काही तारांनाही चरा पाडतं, त्या पुढे तुटतात आणि तुटलेला तुकडा नेमका नको तिथे जाऊन पडतो. वायर स्ट्रिपर घ्या, वायरच्या जाडीचीच खाच निवडा. साधारण दहा-बारा मिलिमीटर सोललेलं पुरतं, पण प्लगच्या आत किती जागा आहे ते आधी पाहून घ्यावं. तांबं प्लगबाहेर जराही दिसता कामा नये. पीळ मूळच्या पिळाच्याच दिशेने द्यावा. आत घालताना एखादी तार मागे दुमडली तर तिला तशीच ढकलू नका. बाहेर काढा, टोक कापा, नव्याने सोला.

स्क्रूच्या प्लगमध्ये घालण्याआधी टोकाला सोल्डर चढवण्याची सवय पुष्कळांना आहे. ते वरून भक्कम वाटतं, पण सोल्डर मऊ असतो. दाबाखाली तो हळूहळू सरकतो आणि स्क्रू आपोआप ढिला पडतो. सोल्डर करायचंच असेल, तर त्यासाठी बनवलेलेच प्लग घ्यावेत.

लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर काही जळत नाही, पण गाण्याची रया जाते. एक स्पीकर उलटा लागला की दोघांचे पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, तबल्याचा बायां पोकळ वाटतो, मधोमध उभा राहायला हवा तो गायकाचा आवाज खोलीभर विखुरतो. वायरीच्या एका बाजूला रेघ, अक्षरं किंवा उंचवटा असतो. ती बाजू कायम लालला लावायची असं ठरवून टाका. वायर भिंतीतून गेली असेल आणि खूण सापडत नसेल, तर ॲम्प्लिफायरकडचं टोक सोडवून त्याला पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलची धन बाजू स्पीकरच्या लाल टर्मिनलकडे जात असेल, तर सहसा वूफरचा पडदा बाहेर उसळतो.

दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र करून वायर वाचवणारेही भेटतात. हे करू देऊ नका. हल्लीच्या अनेक छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो, ते अर्थिंगला जोडलेलं नसतं. अशी दोन काळी टर्मिनलं एकमेकांना जोडली की ॲम्प्लिफायर जाऊ शकतो.

सगळं झाल्यावर, ॲम्प्लिफायरला लावण्याआधी, मल्टिमीटर लावा. ही पायरी गाळू नका, कारण इथेच ॲम्प्लिफायर वाचतो. स्पीकर जोडलेला ठेवून मोकळ्या टोकाचा रोध मोजा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ओहम दिसतील. जवळपास शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच आलं नाही तर जोड लागलेला नाही. मग ॲम्प्लिफायर बंद असतानाच त्याच्याकडचं टोक शेवटी लावा आणि काढताना आधी तेच काढा.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक. बनाना प्लगची पिन ४ मिलिमीटरची असते, युरोपी धर्तीच्या चार्जरच्या पिनेएवढी. म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये ती शिरू शकते. दोन बनाना प्लग एकत्र असलेल्या जोडप्लगच्या पिनांमधलं अंतरही आपल्या छोट्या सॉकेटच्या भोकांमधल्या अंतराइतकंच, १९ मिलिमीटर. युरोपात विकल्या जाणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलांत बनाना प्लगच्या भोकांना प्लास्टिकची बुचं बसवलेली असतात ती याच भीतीने. मोकळे प्लग लोंबकळत ठेवू नका, आणि सॉकेटही झडपेचीच बसवून घ्या.

जोडल्यानंतर काही आठवड्यांनी स्क्रू पुन्हा एकदा आवळावेत, कारण बारीक तारा दाबाखाली जागा सोडतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दर दिवाळीच्या साफसफाईत प्लग उघडून बघावेत. टोक काळवंडलं असेल तर घासत बसू नये, कापून नव्याने सोलावं. त्यासाठी स्पीकरमागे हातभर वायर जास्तीची सोडायला वायरमनला आधीच सांगून ठेवावं.