समुद्रगरुडाची साक्ष

पालघर जिल्ह्याला लांब समुद्रकिनारा लाभला आहे. सातपाटी, नवापूर, तारापूर, चिंचणी, डहाणू अशी गावे या किनाऱ्यावर वसली आहेत. मासळीने भरलेल्या होड्या परतल्या की खाली कोळी स्त्रीपुरुषांची लगबग सुरू होते आणि वर घारी घिरट्या घालू लागतात. पांढऱ्या डोक्याची व तांबूस अंगाची ब्राह्मणी घार त्यांत सहज ओळखू येते. समुद्र जसा कोळ्यांचा पोशिंदा, तसाच तो या पक्ष्यांचाही आहे.

याच किनाऱ्याने दक्षिणेस रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे गेले असता मासळीवर जगणारा आणखी मोठा पक्षी दृष्टीस पडतो. तो म्हणजे समुद्रगरुड. त्याचे डोके, मान व पोट शुभ्र असून पाठ व पंख राखी असतात. पंख पसरले म्हणजे त्यांची रुंदी सुमारे 2 मीटर भरते. मासे व समुद्रसर्प हे त्याचे मुख्य अन्न होय. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्या रचून तो प्रचंड घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे तेच डागडुजी करून वापरतो. मादी बहुधा दोन अंडी घालते.

चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी कोकणात गावोगाव हिंडून या गरुडाची घरटी शोधली व त्यांची नोंद ठेवली. याच कामासाठी फिरत असता 2002 साली वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना सागरी कासवांच्या अंड्यांचा मागोवा लागला आणि तेथे कासवांच्या रक्षणाचे कार्य सुरू झाले. एका जीवाचा अभ्यास करू लागले की दुसऱ्याची वाट अशी आपोआप सापडते.

पण घरटी मोजून काय साधते? याचे उत्तर अमेरिकेत मिळाले. तेथील बाल्ड ईगल हा समुद्रगरुडाचा जवळचा आप्त. चार्ल्स ब्रोली नावाचे निवृत्त बँक-अधिकारी 1939 पासून फ्लोरिडात गरुडांच्या पिलांच्या पायांत खुणेची कडी घालीत. साठी गाठलेला हा मनुष्य दोरांच्या साहाय्याने उंच झाडांवर चढत असे. काही वर्षांनी त्यांना आढळले की, घरटी आहेत, गरुडांची जोडपीही आहेत. परंतु पिले मात्र दिसत नाहीत.

या कोड्याचा उलगडा पुढे अंड्यांनी केला. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतील जुनी अंडी नव्या अंड्यांशी ताडून पाहिली. ससाण्याच्या नव्या अंड्यांचे कवच पातळ झाले होते. 1967 साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील अंड्यांविषयीही तेच सिद्ध झाले. या अनर्थाचे मूळ डी.डी.टी. हे कीटकनाशक होते. शेतांतून ते पावसाबरोबर ओढ्यांत उतरे. पाण्यातील सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत व अखेरीस गरुडाच्या शरीरात ते जाई. शरीरातील चरबीत साठून राहत असल्यामुळे पायरीगणिक त्याचे प्रमाण वाढे. त्यामुळे अंड्याच्या कवचाला पुरेसा चुना मिळेना आणि उबविणाऱ्या पक्ष्याच्या भारानेच अंडे फुटे.

1963 साली अलास्का सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गरुडांची जेमतेम 400 हून थोडी अधिक घरटी उरली होती. 1972 साली तेथे डी.डी.टी.च्या वापरावर बंदी आली. घरट्यांनाही संरक्षण मिळाले. पिले पुन्हा दिसू लागली आणि 2007 साली हा पक्षी संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आला. आजही शास्त्रज्ञ पिलांच्या रक्ताचे थेंब व गळलेली पिसे तपासून पाण्यातील विषाचा माग काढतात.

ही गोष्ट बोईसर-तारापूरच्या लोकांनाही परकी नाही. येथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करून नवापूरजवळ समुद्रात सोडण्याची व्यवस्था आहे. परंतु त्या पाण्याने खाड्या व समुद्र दूषित होतो, अशी तक्रार घेऊन मांगेला समाजाची संघटना 2016 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली. कारखान्यांमुळे हजारो हातांना काम मिळते, हे खरे. परंतु समुद्रावरही हजारो कुटुंबे जगतात. दोहोंचा मेळ घालावयाचा, तर पाण्यात काय मिसळते हे सतत तपासले पाहिजे.

मासे खाणारा पक्षी आणि मासे खाणारा मनुष्य अन्नाच्या साखळीत शेजारी शेजारीच बसतात. पक्ष्याला तक्रार लिहिता येत नाही. त्याची साक्ष असते ती त्याच्या घरट्यात. ती वेळीच वाचणे हे मनुष्याचे काम आहे.

स्वाध्याय

1. ब्रोली यांना कोणती विलक्षण गोष्ट आढळली?
2. डी.डी.टी. शेतातून गरुडाच्या शरीरापर्यंत कसे पोहोचले, ते क्रमाने लिहा.
3. 'पक्ष्याची साक्ष त्याच्या घरट्यात असते' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.