मुलगा शिडशिडीत की कृश?

काही महिन्यांपूर्वी अंजूरहून एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन दवाखान्यात आल्या. काळजी होती मुलीची. वय 13, उंची 148 सेंटिमीटर, वजन 37 किलो. कुणीतरी हिशेब करून सांगितले होते, की हिचा बीएमआय 17 सुद्धा भरत नाही, 18.5 तरी हवा. घरात टॉनिकच्या बाटल्या आल्या होत्या. 14 वर्षांचा भाऊ नुसता सोबतीला आला होता. "तो बापावर गेलाय डॉक्टर, शिडशिडीत. त्याचं काही नाही."

मी दोघांनाही चपला काढून भिंतीशी उभे केले. मुलाची उंची 155, वजन 36.

बीएमआय काढणे सोपे आहे. उंची मीटरमध्ये घ्यावी, तिला तिनेच गुणावे आणि येणाऱ्या आकड्याने वजनाला भागावे. मुलीचा आला 16.9, मुलाचा 15. घोटाळा होतो तो यापुढे. 18.5 ही मोठ्या माणसांची रेघ आहे. वाढत्या वयात ती दरवर्षी सरकते आणि मुलगे व मुली यांची वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या तक्त्यात 13 पूर्ण झालेल्या मुलीसाठी कृशतेची रेघ 14.9 आहे, 14 पूर्ण झालेल्या मुलासाठी 15.5. म्हणजे मुलगी ठीक होती, आणि ज्याचे 'काही नाही' तोच रेघेखाली होता!

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2015 साली आपल्याकडील मुलांच्या मोजमापांवरून तक्ते केले आहेत. जाडपणा ओळखायला मला ते अधिक उपयोगी वाटतात, कारण आपल्या लोकांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो.

तक्ता वापरताना जन्मतारीख मात्र नक्की हवी. "आठवीत आहे" हे वय नव्हे. शिवाय मुली साधारण दोन वर्षे आधी उंच होऊ लागतात, त्यामुळे बहीण-भावाची तुलना तर करूच नये.

रेघ आजाराचे नाव सांगत नाही. म्हणून मुलाला खोकला, बारीक ताप, भूक यांविषयी विचारले, रक्त तपासायला दिले. सकाळी तो नुसत्या चहावर शाळेत जात होता. तांदळाची भाकरी, डाळ, अंडे, सुकट घरात होतेच. ते सकाळी त्याच्या ताटात यावे एवढे सांगितले. टॉनिक बंद केले. तीन महिन्यांनी दोघांनाही पुन्हा मोजायला बोलावले आहे, मागचा कागद घेऊन.